दोर ओढू नका, बोटीला ओढू द्या: बोटिंग आणि वॉटर स्कीचा पहिला दिवस

वॉटर स्कीला, म्हणजे पायांत लांब फळ्या घालून, वेगाच्या बोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावरून घसरत जाण्याला, दंडातली ताकद लागत नाही. लागतं ते उकिडवं बसणं, आणि ते आपल्याकडे निंदणीला जाणाऱ्या आजीबाईंनाही जमतं. तरीही पहिल्या दिवशी बहुतेक जण बोट सुटली रे सुटली की दोर छातीशी ओढतात, पाय ताठ करतात आणि तोंडावर आपटतात. चार-सहा मित्रमैत्रिणी, सुटीचा एक दिवस, सकाळी साधं बोटिंग आणि बोट व शिकवणारा माणूस मिळाला तर स्की, असा बेत असणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

हा खेळ जमवला तो अमेरिकेतल्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोराने, १९२२ साली, मिनेसोटातल्या लेक पेपिनवर. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी लाकडी फळ्यांची टोकं उकळून वाकवली, ती टोकं पाण्याबाहेर ठेवून मागे रेलला आणि उभा राहिला. तंत्र आजही तेच आहे.

आधी पाणी निवडा

खानदेशात पाणी आहे, पण सगळं या कामाचं नाही. बोटीत कधीच न बसलेल्यांनी जळगावच्या मेहरूण तलावासारख्या किंवा तोरणमाळच्या यशवंत तलावासारख्या ठिकाणी पेडल बोट, वल्ह्याची होडी यांनी सुरुवात करावी. बोट चालू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. अशा सोयी ठेकेदार बदलला की बंद पडतात. वाघूर धरणातून जळगावला आणि नकाणे तलावातून धुळ्याला प्यायचं पाणी जातं. तिथे पेट्रोलचं इंजिन न्यायचा विचारही नको. प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे हे तापीवरचे बॅरेज लांबरुंद दिसतात म्हणून मोह होतो. पण दरवाज्यांच्या वरच्या अंगाला पाण्याला ओढ असते आणि खालच्या अंगाला ते कधी सुटेल याचा नेम नसतो.

हतनूरची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण भुसावळ-जळगावकडच्या प्रत्येक टोळक्याच्या डोक्यात पहिलं नाव तेच येतं. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला, आणि धरणाचा फुगवटा त्या बाजूला पसरलेला. पूर्णेचं पाणी विदर्भातून येतं, तापीचं मध्य प्रदेशातून. त्यामुळे भुसावळात कडक ऊन पडलेलं असतानाही धरणाला पूर येतो आणि ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले याची बातमी फिरू लागते. आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून त्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर हतनूर बाद. हिवाळ्यात पाणी शांत असतं, पण तेव्हा तिथे बाहेरदेशची बदकं आणि इतर पाणपक्षी उतरलेले असतात. त्यांच्या थव्यात वेगाची बोट घालणं मला मुळीच पटत नाही. शिवाय धरणात गाळ इतका साचला आहे की वरून भरपूर दिसणारं पाणी बऱ्याच ठिकाणी उथळ असतं. तिथे परवानगी असलेल्या स्थानिक नावाड्याच्या होडीतून, दुर्बीण घेऊन, पक्ष्यांपासून लांब राहून फिरा. सकाळ सार्थकी लागते.

वेगाच्या बोटीसाठी थोडं बाहेर पडावं लागेल. भुसावळहून बऱ्हाणपूर-खंडवा मार्गे नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयाकाठी हनुवंतिया आहे. मध्य प्रदेश पर्यटनाने तिथे जलक्रीडा केंद्र उभं केलं आहे. जुन्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूरच, त्यामुळे फार परक्या मुलखात गेल्यासारखं वाटू नये. धुळे-चाळीसगावकडच्यांना नाशिकचा गंगापूर धरणावरचा बोट क्लब जवळ पडतो. दोन्हीकडे फोन करताना नेमके प्रश्न विचारा: पायात घालायची स्कीची जोडी आहे का, ओढायचा दोर आहे का, नवख्याला शिकवणारा माणूस त्या दिवशी असेल का? नुसतं ‘स्की आहे का’ विचारलं तर ‘आहे’ असंच उत्तर मिळतं आणि पोचल्यावर पाण्यावर धावणारी स्कूटर, म्हणजे जेट स्की, दाखवली जाते.

स्वतःची किंवा ओळखीच्या कोणाची बोट असेल, तर आधी परवानगी. धरण जलसंपदा विभागाचं असतं आणि मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे. पाटबंधारे उपविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा. त्यानंतर संस्थेच्या माणसांशी बोला, आणि हे बोलणं कागदापेक्षा जास्त कामाचं. जाळी कुठे लावली आहेत, बुडीत गावाच्या भिंती कुठे आहेत, जुनी विहीर कुठे, बाभळीची खुंटं किती हात खाली, हे काठावरच्या भोयाइतकं कोणालाच माहीत नसतं. नकाशात हे सापडत नाही.

महिना आणि वेळ

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर सगळ्यांत चांगला: धरण भरलेलं, पाणी कोमट, खुंटं खोलवर. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा १० अंशांखाली उतरतो. ओल्या अंगाने वाऱ्यात बसलं की दात वाजू लागतात आणि कुडकुडणाऱ्या माणसाची पकड सुटते. फेब्रुवारी पुन्हा बरा. पुढे आवर्तनं सुटतात, पाणी उतरतं, आणि नोव्हेंबरात दहा हात खाली असलेलं खुंट मार्चमध्ये वीतभर खाली येतं. एप्रिल-मे सोडूनच द्या. ४५ अंशांत काठावरचा काळ्या मातीचा चिखल वरून वाळून भेगाळतो, आत मऊच राहतो, आणि त्यात गुडघाभर रुतलेला माणूस काढणं हा एक स्वतंत्र खेळ होतो.

सकाळी उजाडताच पाण्यावर पोचा. दहा-अकरानंतर वारा उठला की लाटा येतात, आणि नवख्याला लाट म्हणजे पायाखालून सरकणारी जमीन. ढग गडगडले की, पाऊस नसला तरी, सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं.

फुगवट्याच्या काठाला आणखी एक धोका असतो, जो बाहेरच्या पुस्तकांत नसतो. शेतकऱ्यांच्या पाणी उपशाच्या विजेच्या मोटारी, त्यांच्या केबल आणि पाइप. उघड्या जोडाची केबल पाण्यात पडलेली असू शकते. मोटार दिसली की तिथे उतरायचं नाही, बोट लावायची नाही, पोहायचं तर नाहीच.

माणसं आणि सामान

स्कीसाठी किमान तीन माणसं हवीत: बोट चालवणारा, मागे तोंड करून स्कीवाल्याकडे बघणारा आणि स्की करणारा. चालवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही, बघणाऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण करायचं नाही. चित्रीकरणाला चौथा माणूस घ्या, पण बोटीवर जितक्या जणांची मर्यादा लिहिली आहे त्याच्या आतच. पाण्यात गेलेला स्कीवाला परत बोटीतच येणार आहे, त्यालाही मोजा. सहा जण असाल तर तिघे काठावर थांबा. तेवढ्यात भरताची वांगी भाजून होतात.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. घालून बकलं लावा आणि मित्राला खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. नुसती हवा भरायची ट्यूब किंवा पोहायचा फुगा हा जॅकेटला पर्याय नाही. ज्याला अजिबात पोहता येत नाही त्याने बोटिंग करावं. स्की तेव्हाच, जेव्हा जॅकेट घालून खोल पाण्यात पाच मिनिटं निवांत तरंगता येईल. हे आधी करून बघा.

कपडे अंगाला बसणारे. मांड्यांना घट्ट बसणारी चड्डी हवी, मुलग्यांनाही आणि मुलींनाही. वेगात मागे पडताना पाणी जोराने आत घुसून नाजूक ठिकाणी खरीखुरी इजा होते. ओढणी, सैल कुर्ता, गळ्यातली साखळी, अंगठ्या गाडीत ठेवा.

बोटीला साधारण ५० अश्वशक्ती किंवा जास्त ताकदीचं इंजिन लागतं. होडीला लावलेलं छोटं इंजिन मोठ्या माणसाला पाण्यातून वर काढत नाही, नुसतं घुसळत नेतं, आणि मग दोष स्कीवाल्याला मिळतो. दोर स्कीचाच हवा, फारसा न ताणणारा, साधारण २३ मीटर लांब, टोकाला मूठ असलेला. गुरांचं दावं किंवा नायलॉनची दोरी आणू नका. ताणून सुटलेली नायलॉनची दोरी बोटीतल्या माणसाच्या तोंडावर येते. दोर बोटीच्या मध्यावर बांधायचा, एका कोपऱ्याला नाही. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली आहे ना, हे निघताना प्रत्येक वेळी बघा.

स्की नवख्याने रुंद आणि लांब घ्याव्यात, दोन्ही पायांत. एका स्कीवर तोरा दाखवणारे पुष्कळ व्हिडिओ आहेत, ते नंतर बघा.

बोटीत चढणं, वल्हवणं

चढताना पाय बोटीच्या मधोमध, शरीर खाली झुकवून, हात रिकामे. पिशव्या नंतर काठावरच्याने द्यायच्या. एका वेळी एकच जण. बोटीत उभं राहून जागा बदलायची नाही. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला झुकले की काय होतं ते सांगायला नको, पण सांगितलं तरी लोक झुकतातच.

वल्हवताना पाठ जायच्या दिशेला असते, म्हणून मागची एखादी खूण, टेकडी किंवा देवळाचा कळस, नजरेत धरा आणि अधूनमधून मान वळवून पुढचं पाहा. वल्हं खोल घालू नका, पातं बुडालं की पुरे. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. थकल्यावर वारा परत आणून सोडतो. उलटं केलं तर लांब काठावर अडकाल. बोट उलटली तर तिला धरून राहा. काठ वाटतो त्यापेक्षा नेहमीच लांब असतो.

काठावरचा अर्धा तास

हा अर्धा तास वाचवायचा नाही. स्कीचा दोर काठावर मोकळा करा, मूठ नवख्याच्या हातात द्या आणि जमिनीवर उकिडवं बसवा: गुडघे छातीजवळ, हात सरळ, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे, टाचा नितंबांजवळ. आता दुसऱ्याने दोर हळू, एकसारखा ओढायचा. बसलेल्याने काहीही करायचं नाही. हात वाकवायचे नाहीत, उठायची घाई नाही. ओढ वाढली की नितंब आपोआप टाचांवरून सुटतात, आणि मग गुडघे जरासे वाकलेले ठेवूनच वर यायचं. कोपर वाकलं की पुन्हा पहिल्यापासून. जमिनीवर पाच वेळा नीट जमल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. उतावळ्या मित्राला हे सगळं पोरकट वाटतं, आणि पाण्यात सर्वांत जास्त तोच पडतो.

याच वेळी खुणा पक्क्या करा, कारण इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही:

- अंगठा वर: वेग वाढव. अंगठा खाली: कमी कर.
- अंगठा आणि तर्जनीचं कडं: असाच चालू दे.
- डोक्यावर थापटी: काठाकडे चल.
- गळ्यावरून आडवा हात: लगेच थांब. ही खूण बोटीतला माणूसही देऊ शकतो.
- पडल्यावर डोक्यावर दोन्ही हात जोडणं: मी ठीक आहे.

शेवटची खूण दिसली नाही तर माणूस ठीक नाही असंच धरायचं.

पाण्यात

स्कीवर बसवलेले बूट आत-बाहेर ओले करा, मग पाय सहज सरकतात. ते पायाला बसावेत, पण जोराने पडल्यावर सुटावेत, इतपतच घट्ट. पाण्यात पडून जॅकेटवर भार टाका, गुडघे छातीशी घ्या, स्कीची टोकं वीतभर पाण्याबाहेर, दोन स्कींमध्ये खांद्यांइतकं अंतर, आणि दोर दोन्ही स्कींच्या मधून. सुरुवातीला माणूस गोल फिरतो, एका कुशीवर कलतो. हाताने पाणी मारून सरळ व्हा. दोर हाताला, मनगटाला, कमरेला कधीही गुंडाळायचा नाही. दोराचा फास मोकळा तरंगत असेल तर त्यात पाय नाही ना, हे बघणाऱ्याने पाहायचं.

बोट सावकाश पुढे जाऊन दोरातला ढील काढते. दोर ताठ झाला आणि स्की सरळ झाल्या की स्कीवाल्यानेच सांगायचं, ‘चल’. चालवणाऱ्याने हिसका द्यायचा नाही आणि रेंगाळायचंही नाही. वेग एकसारखा, ठामपणे वाढवायचा. मोठ्या माणसाला ताशी २८ ते ३२ किलोमीटर पुरतात, हलक्या मुलांना २० ते २४. पहिल्या दिवसाचं निम्मं यश चालवणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून चांगला चालवणारा मिळाला तर दोन पैसे जास्त द्या, स्की जुन्या असल्या तरी चालतील.

बोट ओढू लागली की पायांवर पाण्याचा जोर येतो. हाच तो क्षण. सगळं शरीर म्हणतं, ‘ऊठ’, पण तुम्ही बसून राहा. दोन-तीन सेकंद उकिडवे. पाणी स्कीखाली आलं की ती स्वतः वर येते. मग हळूहळू उंच व्हा, गुडघे वाकलेले, हात सरळ, मूठ कमरेजवळ, वजन किंचित मागे. नजर बोटीवर किंवा लांबच्या काठावर ठेवायची. पायांकडे पाहिलं की डोकं पुढे जातं आणि डोक्यामागोमाग माणूस.

कसे पडलात यावरून काय चुकलं ते कळतं. तोंडावर गेलात तर लवकर उठलात किंवा हात ओढलेत. पाठीवर गेलात तर पाय ताठ करून मागे रेललात. पाय फाकले तर स्की एकमेकींपासून फार लांब धरल्या होत्या. आणि उठल्यावर हेलकावे बसत असतील तर बोटीमागच्या लाटेवर चढू नका, दोन लाटांच्या मधल्या सपाट पट्ट्यात राहा. तिथे पाणी सगळ्यांत गुळगुळीत असतं.

तीन-चार प्रयत्न झाले की वर घ्या, उठला असो वा नसो. थकलेला माणूस दोर सोडायला विसरतो. पडताना मूठ तात्काळ सोडायची, ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ. बोटीतून कोणी ओरडलं, ‘दोर सोडी दे रे भो!’ तर विचार न करता सोडा.

पडल्यावर एक स्की पाण्यात उभी धरा, म्हणजे दुसऱ्या बोटींना डोकं दिसतं. बोटीने लगेच वेग कमी करून सावकाश वळायचं आणि स्कीवाला चालवणाऱ्याच्या बाजूला, त्याच्या नजरेसमोर, राहील असं जवळ यायचं. वर चढवण्याआधी इंजिन बंद. नुसतं न्यूट्रल पुरेसं नाही, इंजिनाचा पाण्यातला पंखा बंद झालेला हवा.

जागा किती लागते तेही पाहून ठेवा: निदान ६० मीटर रुंद आणि ६०० ते ९०० मीटर लांब मोकळा पट्टा, खोली सहा फुटांच्या वर. काठापासून, होड्यांपासून, जाळ्यांच्या तरंगत्या बाटल्यांपासून १०० फूट तरी दूर. जलपर्णी दिसली तर तो भाग टाळा, तिच्या मुळ्या पंख्यात गुंततात. स्की सुरू करण्यापूर्वी बोटीने तो सगळा पट्टा एकदा सावकाश फिरून या, बांबूने खोली मोजत.

जेवण आणि विसावा

स्कीच्या आधी केळी, राजगिऱ्याचा लाडू, पाणी. केळी तर आपल्या घरचीच. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी सगळं नंतर. भरल्या पोटी ओढलं गेलं की भरीत परत वर येतं. दारू नंतरही नाही, कारण परतीचं वल्हवणं किंवा गाडी चालवणं बाकी असतं. उन्हाचा चटका पाण्यावर जास्त जाणवतो, म्हणून बोटीत बसलेल्यांनीही डोक्याला उपरणं बांधा आणि तहान नसली तरी पाणी प्या.

काही बिघडलं तर

बुडणाऱ्याकडे उडी मारून जायचं नाही. हात, वल्हं, काठी पोचत असेल तर ती द्या. नाहीतर दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. असा एक कॅन दोर बांधून बोटीत आणि एक काठावर ठेवाच. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, पोट दाबणं हे गावोगाव अजून चालतं. त्याने वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवा, डोकं मागे करून नाक दाबा, तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा आणि तिसऱ्याने रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, कारण फुगवट्याकाठची शेतवाट रुग्णवाहिकेला सापडत नाही. शुद्धीवर आला, हसला, तरी बुडालेल्याला दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.

मांडीच्या मागच्या बाजूला कळ मारली, खांदा निखळल्यासारखा वाटला, तर त्या दिवसाची स्की संपली. मित्र ‘अजून एकदा’ म्हणतील. म्हणू द्या.

घरी आल्यावर दोर पसरून सावलीत वाळवा, गाठी आणि तुटलेले धागे बघा, शंका आली तर टाकून द्या. जॅकेट उन्हात तापत ठेवू नका, वाऱ्यावर टांगा. दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंतचे हात आणि पाठ आखडलेली असणार. डब्याचं झाकणही उघडवत नाही. दोन-तीन दिवसांनी अंग मोकळं झालं की पुढची तारीख ठरवा, आणि शक्यतो त्याच चालवणाऱ्याला सांगा.